मरोळची काळी भाजी

लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही नवरा-बायको गेली वीसेक वर्षं एकाच हॉटेलात जेवतो. अंधेरी पूर्वेला, मरोळमध्ये, झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आठ टेबलांचं चिनी हॉटेल आहे. आजूबाजूच्या ऑफिसांतली मुलं तिथे ट्रिपल शेजवान राइस खायला येतात आणि त्यात त्यांची काही चूक नाही, कारण मेनूकार्डावर तेच पहिलं छापलेलं आहे. पण हॉटेल चालवणारं कुटुंब मुळात चिनी आहे. त्यांचे पणजोबा दक्षिण चीनमधून मुंबईत आले, हाक्का नावाच्या समाजातले. चौथी पिढी आता इथलीच आहे. मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावर त्यांचे घरचे आठ-नऊ पदार्थ हाताने लिहिलेले आहेत. मी त्यातला एकच मागवत आले. डुकराच्या मटणाचे जाड काप, खाली काळ्या पाल्याचा थर, आणि सगळं मिळून तास-दोन तास वाफवलेलं. त्या पाल्याला ते मुई चोय म्हणतात. मोहरीचा पाला मीठ लावून मुरवायचा, मग पुन्हा पुन्हा वाफवून वाळवायचा, की तो असा काळा होतो. घरी आम्ही त्याला नुसतं ‘काळी भाजी’ म्हणायचो. ‘काळ्या भाजीला कधी जायचं?’ असं नवरा विचारायचा.

ती मला आवडायला एक कारण होतं आणि ते मी कुणाला फारसं सांगितलं नव्हतं. दहा वर्षांची होईपर्यंत मी जालन्याकडच्या एका खेड्यात वाढले. माझी माय थंडीत दुसऱ्यांच्या शेतात हरभऱ्याचे शेंडे खुडायला जायची. त्यातला ओटीभर पाला घरी आणायची, पत्र्यावर वाळवायची आणि मडक्यात भरून ठेवायची. उन्हाळ्यात, काहीच मिळेनासं झालं की तो पाला वाळवलेल्या मटणाच्या तुकड्यांबरोबर, म्हणजे आमच्या चान्यांबरोबर, शिजायचा. मग वडिलांना घाटकोपरला काम मिळालं, आम्ही मुंबईत आलो आणि मायने ती भाजी पुन्हा कधीच केली नाही. मीही विसरले.

सव्विसाव्या वर्षी मी मरोळच्या एका केबल बनवणाऱ्या कंपनीत लागले. एका सहकाऱ्याच्या निरोपाचं जेवण त्या हॉटेलात होतं. वेटरने शेजारच्या टेबलाची बशी चुकून आमच्यासमोर ठेवली आणि कुणी काही म्हणायच्या आत मी एक घास घेतला. दोन्ही चवी एकच होत्या असं नाही. हरभऱ्याचा पाला आंबटसर असतो, हा खारट, थोडा गोड. पण घास गिळल्यावर जिभेच्या मागे जे रेंगाळतं, ते तेच होतं. मी बशी परत जाऊ दिली नाही. शेजारच्या टेबलाला दुसरी बशी येईपर्यंत थांबावं लागलं, आणि मला आजही त्याची थोडी लाज वाटते.

तर गेल्या फेब्रुवारीत, वाढदिवस रविवारी आला म्हणून आम्ही दुपारीच गेलो. मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रो. खिडकीजवळचं टेबल मिळालं. बशी आली, दिसायला नेहमीसारखीच. मी घास घेतला आणि थांबले.

काही बिघडलं नव्हतं. मटण मऊ होतं. पाला खारट होता, गोड होता, आणि तिथेच संपत होता. गिळल्यावर मागे काहीच उरत नव्हतं. मी दुसरा घास नुसत्या पाल्याचा घेतला, मग भाताबरोबर, मग मटणाच्या चरबीबरोबर. नवरा महापालिकेच्या शाळेत शिक्षक आहे आणि पानात पडेल ते आनंदाने खातो. त्याला विचारलं, तर मस्त आहे म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुला परवा सर्दी झाली होती ना?”

ते मला पटलं. मी कंपनीत क्वालिटी विभागात आहे. केबलवरच्या आवरणाची जाडी मोजताना आकडा चुकीचा आला, तर आम्ही आधी केबलवर नाही, मोजायच्या उपकरणावर संशय घेतो. तेव्हा दोष जिभेचाही असेल असं धरून मी गप्प बसले. अर्धी बशी पार्सल करून घेतली. वेटरला नवल वाटलं असणार, कारण आमच्या टेबलावरून पार्सल कधी जात नाही.

दोन दिवसांनी फ्रिजमधलं गरम करून खाल्लं. तसंच लागलं. लिंबाचं लोणचं खाल्लं, ते लोणच्यासारखंच लागलं. चहा चहासारखा. आठवड्याने नाक पूर्ण मोकळं झाल्यावर दुपारच्या सुट्टीत मी एकटीच हॉटेलात गेले आणि पुन्हा तेच मागवलं. या वेळी खाण्याआधी चमच्याने पाला बशीत पसरून बघितला. शेजारच्या टेबलावरची मुलं माझ्याकडे बघत होती.

पाल्याचे सगळे तुकडे एका मापाचे होते. बोटाच्या पेराएवढे, दोन्ही टोकांना सरळ कापलेले. आधी तसे नसायचे. कुठे लांबडा देठ, कुठे पानाचा चुरा, कधी न चिरताच आलेला गुंता. दुसरं म्हणजे, पूर्वी जेवताना एक-दोनदा तरी दाताखाली रेतीचा बारीक कण यायचा. नवरा दरवेळी तोंड वाकडं करायचा. आता दोन्ही खेपेला एकही आला नव्हता. हा पाला कुणीतरी मशीनवर धुतला होता, मशीनवर चिरला होता. माझी जीभ ठीक होती.

मालकीण काउंटरवर बसते. माझ्याच वयाची, नाकावर वाचायचा चष्मा, मराठी आपल्यासारखंच बोलणारी. इतक्या वर्षांत आमचं बोलणं ‘कशा आहात’, ‘मुलगी काय करते’ याच्या पुढे गेलं नव्हतं. पैसे देताना मी तिला विचारलं की पाला बदललाय का. तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“दिवाळीनंतर बदलला,” ती म्हणाली. “विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या.”

मग तिने मला आत, स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावून पाकीट दाखवलं. चांदीच्या रंगाचं, वर चिनी अक्षरं. कलकत्त्याहून एक ओळखीचा दुकानदार पाठवतो. आधीचा पाला तिची आई घरी करायची, दरवर्षी थंडीत, वर्षभर पुरेल इतका. पण त्यांची जुनी बिल्डिंग पाडली, नवीन टॉवर झाला, आणि टॉवरची गच्ची सोसायटीने कुलूप लावून ठेवली आहे. वाळवणार कुठे? ती असंही म्हणाली की लोकांना उलट हे जास्त आवडतंय, कचकच लागत नाही म्हणून. त्यात तक्रार नव्हती. ती जे झालं ते सांगत होती.

मी कामावर परत आले, पण डोक्यातून ते जाईना. कारण आमच्या मुलुंडच्या सोसायटीची गच्ची उघडी आहे. चार मजली जुनी बिल्डिंग, अजून पापड-कुरडया वाळत पडतात, आणि सेक्रेटरी माझ्या नवऱ्याचा जुना विद्यार्थी. प्रश्न फक्त जागेचा असेल तर तो सोडवता येण्यासारखा होता. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला की तू दुसऱ्याच्या घरात नाक खुपसतेयस, पण खुपसणारच असशील तर जा. दुसऱ्या दिवशी मी मालकिणीला फोन करून विचारलं, तुमच्या आईला भेटता येईल का. तिने आधी एका गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे दिले. मग म्हणाली, शनिवारी चारला ये, ती तेव्हा उठलेली असते. ‘या’वरून ‘ये’वर ती आली हे नंतर माझ्या लक्षात आलं.

टॉवरच्या बाराव्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर होतं. आंटी, म्हणजे मालकिणीची आई, ऐंशीच्या पुढची, बारीक अंगाची, फुलाफुलांच्या गाऊनवर स्वेटर घालून खुर्चीत बसली होती. तिचा जन्म माझगावचा. बोलायची ती मुंबईची हिंदी, मधेच मराठी शब्द टाकून. मी फळं नेली होती ती तिने बाजूला ठेवली आणि मला खुर्चीवर न बसवता पलंगावर, आपल्या जवळ बसवलं. कानांना कमी ऐकू येतं असं मालकीण म्हणाली होती, पण तिला सगळं ऐकू येत होतं.

मी तिला सांगितलं की मी वीस वर्षं तुमच्या हातची भाजी खातेय, आता ती बदललीय ते मला कळलं, आणि माझ्याकडे गच्ची आहे. पाला मी आणेन, धुऊन देईन, वर नेणं-आणणं मी करेन, तुम्ही फक्त खुर्चीत बसून सांगा. बोलता बोलता मला माझंच म्हणणं फार चांगलं वाटायला लागलं होतं.

आंटीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मान हलवली.

“नहीं करने का,” ती म्हणाली. “गच्ची का बात नहीं है.”

मी मालकिणीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. गच्चीचं कारण तिने मला सांगितलं होतं, कदाचित स्वतःलाही. खरी गोष्ट अशी की टॉवरची गच्ची सोसायटीने थंडीपुरती उघडून द्यायची तयारी दाखवली होती, आणि आंटीनेच नको म्हणून सांगितलं होतं.

मी का म्हणून विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तिलाही ते दिसलं असावं, कारण ती बोलायला लागली ती तासभर. तो सगळा तास मला जसाच्या तसा सांगता येणार नाही, पण त्यातलं मुख्य असं. अठराव्या वर्षी लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा सासू मुई चोय करायची. पहिल्याच थंडीत ते काम सुनेकडे आलं. सासू म्हणायची की हे केलं नाही तर आपण आपले राहणार नाही. डिसेंबर लागला की पोती यायची. शंभर किलो, कधी जास्त. एकेक पान धुवायचं, तरी रेती राहायचीच. मिठाने तळहातांना चिरा पडायच्या, त्या होळीपर्यंत भरायच्या नाहीत. बरण्या उघडल्या की मुरलेल्या पाल्याचा वास केसांत बसायचा. शेजारच्या बायका तोंडावर काही म्हणायच्या नाहीत, पण जिन्यात वाट सोडून उभ्या राहायच्या. गच्चीवर कबुतरांना हाकलत बसायचं, दिवसभर, दोन महिने. साठ वर्षं तिचा जानेवारी गच्चीवर गेला.

“और मेरे को कभी अच्छाच नहीं लगा,” ती शेवटी म्हणाली.

मला वाटलं, तिला काम आवडलं नाही असं ती म्हणतेय. तसं मी म्हणाले. तर ती म्हणाली, काम नाही, खायला. तिला ती भाजीच आवडत नाही. ओल्या फडक्यासारखी लागते. मालकीण खिडकीकडून वळली. “हे तू मला कधी सांगितलं नाहीस,” ती मराठीत म्हणाली, आणि आंटीने हिंदीत उत्तर दिलं की तू कधी विचारलं नाहीस.

मग आपल्याला काय आवडतं ते तिने न विचारता सांगितलं. बोंबील. वर्सोव्याची एक कोळीण दर बुधवारी टॉवरच्या गेटवर येते. तिच्याकडचे ताजे बोंबील, रवा लावून, कडक तळलेले. आणि या जानेवारीत ती सोसायटीच्या बायकांबरोबर बसने महाबळेश्वरला गेली होती. तिने मला फोनवर फोटो दाखवले. एकात ती स्वेटरमध्ये, हातात क्रीम घातलेल्या स्ट्रॉबेरीचा ग्लास घेऊन उभी होती. सगळ्या फोटोंत तिचा चेहरा गंभीर होता, पण ते फोटो तिने मला दोनदा दाखवले.

निघताना तिने माझा हात धरून म्हटलं की तुला इतकंच वाटत असेल तर तूच कर, मी सांगते. आणि दारातच उभं राहून सगळी रीत सांगितली. मी पर्समधल्या डायरीच्या मागच्या पानावर लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी घाटकोपरला मायकडे गेले. ती माझ्या भावाकडे राहते. पंचाहत्तर वय, गुडघे गेलेले, बाकी ठणठणीत. तिला हरभऱ्याच्या पाल्याचं विचारायचं होतं. इतकी वर्षं मी तिला कधी काळ्या भाजीबद्दल सांगितलं नव्हतं, कारण आपली मुलगी हॉटेलात जाऊन डुकराचं मटण खाते हे तिला फारसं आवडलं नसतं. आता सगळं सांगितलं, मटणासकट. मटणाचं तिने मनावर घेतलं नाही. पाल्याचं ऐकून मात्र ती माझ्याकडे बघतच राहिली.

“कामून गं?” ती म्हणाली. “ते काय आवडीनं खायचं व्हतं व्हय?”

ती भाजी काही नसायचं तेव्हाची होती, ती सांगू लागली. वैशाखात घरात दाणा नसला की मडक्यात हात जायचा. मालकाने शेतात ओटी तपासली तर पाला टाकून द्यावा लागायचा, म्हणून ती लुगड्याच्या आत बांधून आणायची, आणि तो घामाने अंगाला चिकटायचा, अंगाची आग व्हायची. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते ती आग करते, हे मला माहीतच नव्हतं. मुंबईला आल्यावर ती भाजी का केली नाहीस, असं मी विचारलं, तर तिला प्रश्नच कळला नाही. करायची गरज काय, असं म्हणाली.

माझ्या मनात कालचा आंटीचा बोंबील होता, म्हणून मी विचारलं, “माय, मग तुला काय आवडतं खायला?”

आधी म्हणाली सगळंच आवडतं. मी ऐकलं नाही तेव्हा म्हणाली, पाव. बेकरीतून गरम आणलेला, नुसता, कशात न बुडवता. गावी पाव फक्त आजाऱ्याला मिळायचा, दवाखान्यातून. मुंबईत आल्यावर पहिल्या आठवड्यात वडिलांनी पेपरात गुंडाळून लादी आणली आणि ती उभ्याउभ्या चार पाव खाऊन गेली. मी तेव्हा दहा वर्षांची होते, त्याच खोलीत असणार, आणि मला हे अजिबात आठवत नाही. मी खाली जाऊन पाव घेऊन आले. गरम नव्हते. तिने दोन खाल्ले आणि मला एक दिला.

इतकं सगळं ऐकल्यावर शहाण्या बाईने हा विषय सोडून दिला असता. मला नाही सोडवला. उलट आता जास्तच उत्सुकता लागली. दोन बायका, एक जालन्याची, एक माझगावची, दोघींना जे नकोसं होतं ते मला इतकं हवंसं का होतं, आणि ते करताना नेमकं काय होतं, हे हाताने केल्याशिवाय कळणार नाही असं मला वाटलं. मुलुंडच्या बाजारात उत्तरेकडचा एक भाजीवाला मोहरीचा पाला ठेवतो. हंगाम संपत आला होता. त्याच्याकडे होता तो सगळा, आठेक किलो, मी उचलला. तो म्हणाला, घरात लग्न आहे का?

धुण्यातच रविवार गेला. सात पाणी बदललं तरी बादलीच्या तळाशी रेती होती. दोन दिवस गच्चीवर पाला कोमेजत ठेवला. मी कामावर गेल्यावर नवरा सकाळच्या शाळेहून येऊन राखण करायचा, हातात छत्री, कबुतरांसाठी. मग मीठ लावून चोळणं. चोळताना तळव्यांना काही झालं नाही, पण संध्याकाळी नखांच्या कडा झोंबायला लागल्या आणि पुढे चार दिवस मी लिंबू कापू शकले नाही. दोन बरण्या भरल्या, एक काचेची, एक चिनी मातीची. दहाव्या दिवशी उघडल्या तर काचेच्या बरणीत वरून खालपर्यंत पांढरी बुरशी. पाणी नीट निथळलं नव्हतं. ती फेकली. दुसरी चांगली निघाली, आणि तिचा वास घरभर झाला. शेजारीण विचारायला आली की गटार तुंबलंय का.

त्यानंतर तीन वेळा वाफवणं, तीन वेळा वाळवणं. मार्चचं ऊन कडक होतं, त्यामुळे लवकर झालं. तिसऱ्या उन्हानंतर पाला खरंच काळा दिसायला लागला. आठ किलोमधून शेवटी जे उरलं ते एका मध्यम डब्यात मावलं.

तो डबा घेऊन मी आणि नवरा एका मंगळवारी, दुपारची गर्दी सरल्यावर, हॉटेलात गेलो. मालकिणीने आंटीलाही बोलावून घेतलं होतं. आचाऱ्याने डबा उघडून वास घेतला आणि तो आत नेला. आम्ही दोन तास चहा पीत बसलो. मालकिणीने मला विचारलं की हात बघू, आणि माझे तळवे उलटसुलट करून बघितले, आणि आपण आईचे तळवे कधी असे बघितले नव्हते असं म्हणाली. आंटी शेजारीच बसली होती. तिने आपले हात पुढे केले नाहीत.

बशी आली. आंटीने चमच्याच्या टोकावर पाला घेऊन चाखला आणि म्हणाली, मीठ ठीक, एक वाफ कमी पडली. बस. पुढे खाल्लं नाही. नवऱ्याने मात्र भाताबरोबर भरपूर खाल्लं आणि म्हणाला पाकिटाच्यापेक्षा शंभर पट चांगलं. मी हळूहळू खाल्लं. पाकिटातल्यापेक्षा चांगलं होतं हे खरं. गिळल्यावर मागे काहीतरी राहत होतं. पण ते वीस वर्षांचं होतं की नाही, मला ठरवता येईना. मी खात होते आणि डोळ्यांसमोर बुरशीची बरणी, छत्री घेतलेला नवरा, मायचं लुगडं, असं काहीबाही येत होतं. पूर्वी खाताना मला फक्त चव लागायची. आता नुसती चव वेगळी काढता येत नव्हती.

मालकिणीने विचारलं की दर थंडीत करून देशील का, हॉटेलसाठी. मी नाही म्हणाले. फार पटकन म्हणाले असेन, कारण ती हसली. मग पाकीटच, म्हणाली. मी म्हणाले, पाकीटच.

डब्यात अर्ध्याहून जास्त पाला उरला होता. मी तो पिशवीत घालत होते तेव्हा आंटीने माझ्या मनगटाला हात लावला. उरलेला मला दे, ती म्हणाली. मला काही समजेना. तिला तर आवडत नाही. मालकिणीलाही समजलं नाही, तिने आईला विचारलं, कुणासाठी हवाय? आंटी म्हणाली, माझ्यासाठी. लग्नानंतरच्या त्या पहिल्या थंडीपासून तिने दुसऱ्या कुणी केलेली मुई चोय खाल्लीच नव्हती. साठेक वर्षं. तिला बघायचं होतं की ती भाजी आवडत नाही, का ती स्वतः करावी लागायची म्हणून आवडत नाही. नुसत्या भाताबरोबर, घरी, एकटीने खाऊन बघायचं होतं. मी डबा तिच्या हातात दिला. तिने झाकण दोनदा दाबून बघितलं.

त्या आठवड्यात मी कामात असताना सारखी फोनकडे बघत होते. शनिवारी मालकिणीचा फोन आला. मी पहिल्यांदा तेच विचारलं.

“तीन दिवस खाल्लं,” ती म्हणाली. “रोज दुपारी, दार लावून. सगळं संपवलं. काल रात्री मला म्हणाली, आता पक्कं झालं, नाही आवडत.”

मग तिने सांगितलं की डबा धुऊन ठेवलाय, इकडे आलीस की घेऊन जा.